नवाचा ताळा

बँकेत लॉकर वाटपाचे काम ज्याच्याकडे काही वर्षे राहिले आहे, त्याला माणसांच्या शुभ-अशुभ आकड्यांविषयी वेगळे शिकवावे लागत नाही. सांगलीच्या बाजारपेठेतील एका शाखेत हे काम माझ्याकडे होते. हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, विटा-खानापूर भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले आणि दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला घरी येणारे गलाईवाले, निवृत्त शिक्षक, नव्या सुनेचे दागिने ठेवायला आलेल्या सासवा, असे सगळे त्या लोखंडी दाराशी येत, आणि भाडे किती हे विचारण्याआधी बहुतेक जण कोणता नंबर मिळेल हे विचारत. तेरा कोणालाच नको असे. आठ, सतरा आणि सव्वीस हेही पडून राहत, कारण त्यांच्या अंकांची बेरीज आठ होते आणि आठ हा शनीचा आकडा, असे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असे. बेरीज नऊ येणारे लॉकर मात्र कधी मोकळे होतात याची वाट पाहणारी माणसे होती. मिरजेच्या एका व्यापाऱ्यांना ७८६ हवा होता, पण शाखेत तेवढे लॉकरच नव्हते. त्यावर त्यांनीच तोडगा काढला, की सात, आठ आणि सहा मिळून एकवीस होतात, तर एकवीस दिला तरी चालेल. एकवीस नंबर त्याआधीच गणपतीची रोज वारी करणाऱ्या एका आजींनी मागून घेतलेला होता. ‘बिस्मिल्ला’च्या अरबी अक्षरांची अबजद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देऊन, होणारी बेरीज ७८६ आणि गणपतीच्या दूर्वांची संख्या एकवीस, यांची गाठ सांगलीतल्या एका पोलादी कप्प्यावर पडावी, याची मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

हे वर्षानुवर्षे पाहताना माझ्या मनात एक फरक पक्का होत गेला. आपल्याकडचे जुने शुभ आकडे माणसाचे नसतात, ते कृतीचे असतात. दूर्वा एकवीस वाहायच्या, मारुतीला प्रदक्षिणा अकरा घालायच्या, वडाभोवती सात फेरे घ्यायचे, पंचामृतात पाच पदार्थ घालायचे. करणारा कोण आहे आणि त्याचा जन्म कधीचा, याची तिथे चौकशी नाही. सावकारालाही एकवीस आणि त्याच्या गड्यालाही एकवीस. लॉकरपाशी ऐकू येणारा ‘माझा लकी नंबर’ मात्र एकट्याचा असतो, तो कोणाकडून तरी काढून घ्यावा लागतो, आणि अलीकडे त्याचे पैसे पडतात. दोन्ही आकडेच आहेत, म्हणून दोन्ही आपण श्रद्धेच्या एकाच खात्यात जमा करतो. माझ्या मते ही नोंद चुकीच्या खात्यात पडलेली आहे.

आहेराचे उदाहरण घ्यावे. आमच्या भागात शंभराचा आहेर सहसा कोणी करत नाही, एकशे एकचा करतात. पाचशेचा करत नाहीत, पाचशे एकचा करतात. कारण विचारले तर घरोघरी निराळे उत्तर मिळते. कोणी म्हणते, शून्यावर संपणारी रक्कम म्हणजे व्यवहार मिटला, वर एक ठेवला की येणे-जाणे चालू राहते. कोणी म्हणते, सम आकड्याचे दोन सारखे भाग पडतात आणि नव्या संसाराला ते बरे नाही. कोणी वरचा रुपया लक्ष्मीचा मानते. मला पहिले उत्तर जास्त पटते, कारण आहेर ही परतफेडीची गोष्ट आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेला चुलता जी यादी लिहितो, ती त्या घराची पुढच्या कित्येक वर्षांची देणी असते. कोणाच्या मुलीच्या लग्नात किती घालायचे, ते त्या वहीत पाहून ठरते. अशा हिशेबात वरचा एक हा ‘खाते बंद केलेले नाही’ असे सांगणारा आकडा आहे. त्यासाठी रुपयाचे नाणे चिकटवलेली छापील पाकिटे दुकानात आली. आता काही लग्नांत व्यासपीठाशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा असतो, आणि तिथेही माणसे फोनवर ५०१ च टाइप करतात. नाणे गेले, पाकीट गेले, वरचा एक राहिला.

सव्वाच्या नशिबात मात्र हे नव्हते. सत्यनारायणाच्या कथेतच नैवेद्य सव्वाच्या मापाने सांगितला आहे, म्हणून रवा, साखर, तूप, दूध हे सगळे सव्वा घेण्याची रीत पडली, आणि दक्षिणाही सव्वा रुपयाच असे. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा सव्वा रुपया म्हणजे एक रुपया आणि एक पावली, म्हणजे चार आणे. हातात सहज येणारी रक्कम होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांचे नाणे असल्यामुळे सव्वा तगला. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि त्या दिवसापासून या देशात रोख सव्वा रुपया देणे कोणालाच शक्य राहिले नाही. यावर कोणी शास्त्रार्थ केल्याचे माझ्या कानावर आले नाही. रव्याचा सव्वा किलो तसाच राहिला आणि दक्षिणा गुपचूप अकरा किंवा एकवीस झाली. आकडा आभाळातून उतरलेला असता तर टांकसाळीच्या एका निर्णयाने तो असा हलला नसता, आणि तो हलला म्हणून पूजेत काही उणे राहिले असेही कोणाला वाटले नाही. रीत किती शहाणी असते, ते अशा वेळी दिसते.

अपूर्णांकाला शुभ मानण्याची आपली ही हौस मला फार आवडते. इतरांचे शुभ आकडे पूर्णांकात असतात. आपल्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो, मुहूर्त साडेतीन असतात, आणि देवीची पीठेही साडेतीन आहेत. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण आणि वणीचे अर्धे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता, यावर दोन मते ऐकू येतात आणि सराफ कट्ट्यावर चारही दिवस पूर्ण धरले जातात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सगळे तोंडपाठ करून वाढलेल्या समाजाला अर्ध्याची भीती का वाटावी? आमच्या वडिलांच्या पिढीतील अडत दुकानांचे मुनीम औटकी घडाघडा म्हणत. हळदीच्या पोत्यांचा हिशेब त्यांच्या जिभेवर होता, म्हणून देवाच्या हिशेबातही अपूर्णांक आला, की देवाच्या हिशेबातून तो पेठेत उतरला, हे ठरवणे अवघड आहे. ज्याची सगळ्यांना धास्ती असते ती साडेसातीदेखील साधा भागाकार आहे. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे प्रत्येक राशीत सुमारे अडीच. जन्मराशी, तिच्या मागची आणि तिच्या पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात.

एकवीसची गोष्ट स्वयंपाकघराकडून पाहावी. गणपती अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत हजार मोदकांचे फळ सांगितले आहे. हजार मोदक कोणत्या घरात होणार? घरांनी एकवीस धरले. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, पाच महाभूते आणि एक मन मिळून एकवीस होतात, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो सुंदर आहे; पण एका सकाळी दोन बायकांना नैवेद्याच्या वेळेपर्यंत होणारे मोदक साधारण एवढेच, ही गोष्टही त्या संख्येच्या टिकण्याला कारण झाली असावी, असा माझा तर्क आहे. आमच्याकडे उकडीच्या जोडीला कणकेचे तळणीचे मोदकही करतात, तेव्हा एकवीसच्या जागी चाळीस झाले तरी नैवेद्याच्या ताटात मोजून एकवीसच वाढले जातात.

आता अशुभ आकड्यांकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. तीन पोळ्या एकदम वाढायच्या नाहीत, तिघांनी मिळून कामाला बाहेर पडायचे नाही, ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ हे तर पोरासोरांनाही पाठ. आणि हेच तीन न वाढणारे हात दर गुरुवारी औदुंबरला कृष्णाकाठी त्रिमूर्ती दत्तापुढे जोडले जातात, सोमवारी तीनच दले असलेले बेलाचे पान निवडून पिंडीवर ठेवतात. ताटातला तीन वेगळा आणि देव्हाऱ्यातला तीन वेगळा. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला ती अडचण वाटत नाही, कारण कृतीला चिकटलेला आकडा त्या कृतीपुरताच असतो. तो ताटातून उठून देवळात जात नाही.

तेराचे तर याहून मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. मृत्यूनंतरचा तेरावा दिवस आणि ‘तीन तेरा वाजणे’ यांच्यामुळे तेरा आपल्याकडे उदास आकडा झाला, आणि वर पाश्चात्त्यांची तेराची भीती येऊन मिळाली. पण ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या मंत्राची अक्षरे मोजावीत: श्री, रा, म, ज, य, रा, म, ज, य, ज, य, रा, म. ती तेरा भरतात. हा त्रयोदशाक्षरी मंत्र समर्थ संप्रदायाचा, आणि नाशिकजवळच्या टाकळीला समर्थांनी बारा वर्षांत त्याचा तेरा कोटी जप केला अशी परंपरा सांगते. माण तालुक्यातील गोंदवल्याला, जिथे ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी १९१३ साली देह ठेवला, त्याच तेरा अक्षरांचा जप आजही अखंड चालतो आणि तेरा कोटींचे संकल्प केले जातात. लॉकर नंबर तेरा नाकारणाऱ्यांत गोंदवल्याला नेमाने जाणारे एक गृहस्थ होते. मी त्यांना हे बोलून दाखवले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “साहेब, महाराजांचा तेरा निराळा.” त्यांचे बरोबर होते, असेच मला आजही वाटते, फक्त त्याच न्यायाने लॉकरचा तेराही निराळा ठरतो, हे त्यांना मान्य होईना.

समर्थांचा विषय निघाला आहे तर अकराचेही सांगावे. सतराव्या शतकात त्यांनी स्थापलेल्या मारुतींपैकी अकरा प्रसिद्ध आहेत आणि ते सगळे आमच्याच टापूत आहेत: चाफळचे दोन, शहापूर, मसूर, शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव हे सातारा जिल्ह्यातले, बहे आणि शिराळा सांगली जिल्ह्यातले, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यातले. मिरजेला ज्यांचा मठ आहे त्या वेणाबाईंच्या नावावर या ठिकाणांची मोजदाद करणारा अभंग आहे. मारुती हा अकरावा रुद्र, म्हणून अकरा. आमच्या लहानपणी ही यात्रा दोन-तीन मुक्कामांची असे, आता भल्या पहाटे गाडी काढून एका दिवसात अकरा ‘करून’ येतात. संख्या पुरी झाल्याचे समाधान चेहऱ्यावर असते. त्या समाधानाला मी नावे ठेवणार नाही. मोजून पुरे केलेल्या गोष्टीला एक कड असते, आणि माणसाला भक्तीतही ती लागते. जपमाळेचे १०८ मणी हेच काम करतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण म्हणजे १०८, किंवा बारा राशी गुणिले नऊ ग्रह म्हणजे १०८, असे त्याचे अर्थ सांगतात. पृथ्वीपासून सूर्याचे सरासरी अंतर सूर्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट भरते हेही खरे आहे. मात्र ते मोजून कोणी माळ ओवली, असे म्हणायला मी धजणार नाही.

इथपर्यंतचे सगळे आकडे सामायिक होते. ‘मूलांक’ नावाचा जो आकडा आहे तो वेगळ्या कुळातला आहे, आणि माझी तक्रार त्याच्याविषयी आहे.

मूलांक काढणे सोपे असते. जन्मतारखेचे अंक एक आकडी संख्या येईपर्यंत मिळवत जायचे. सत्तावीस तारखेचा जन्म असेल तर दोन आणि सात मिळून नऊ. एकोणतीस असेल तर दोन आणि नऊ मिळून अकरा, पुन्हा एक आणि एक मिळून दोन. ज्याने जुन्या पद्धतीने हिशेब लिहिले आहेत त्याला ही क्रिया पाहताच ओळखू येईल, कारण तो नवाचा ताळा आहे. संगणक येण्यापूर्वी बेरीज बरोबर आली की नाही हे मुनीम असेच तपासत. ४५७ आणि ३८६ यांची बेरीज ८४३. आता ४५७ चे अंक मिळवले तर सोळा, म्हणजे सात. ३८६ चे सतरा, म्हणजे आठ. सात आणि आठ पंधरा, म्हणजे सहा. आणि ८४३ चेही पंधरा, म्हणजे सहाच. ताळा जुळला. यामागे गूढ काही नाही. दहा, शंभर, हजार या प्रत्येकाला नवाने भागले की बाकी एकच उरते, म्हणून कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज आणि ती संख्या यांची नवाने भागल्यावरची बाकी सारखी येते. मूलांक म्हणजे तारखेला नवाने भागून उरलेली बाकी, आणि बाकी शून्य आली तर नऊ. नऊ हा आकडा ‘स्वतःला कधी सोडत नाही’ असे जे कौतुकाने सांगितले जाते, ते आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. आपण आठाच्या पटीत मोजत असतो तर तो मान सातला मिळाला असता.

या ताळ्याची एक खोड आम्हा बँकवाल्यांना चांगली ठाऊक होती. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. ५४० च्या जागी ४५० लिहिले तरी ताळा जुळतोच. म्हणून अर्धवार्षिक हिशेब जुळवताना रात्री उशिरापर्यंत फरक सापडत नसला, की आमचे जुने हेडक्लार्क पहिल्यांदा त्या फरकाला नवाने भागून पाहायला सांगत. फरक नव्वद असो, सत्तावीस असो, त्रेसष्ट असो, निःशेष भाग गेला की कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत असे समजून त्या वाटेने शोध सुरू होई, आणि पुष्कळदा चूक तिथेच निघे. जे गणित बारा आणि एकवीस यांतला फरक ओळखू शकत नाही, ते बारा तारखेला आणि एकवीस तारखेला जन्मलेल्या दोन माणसांना एकाच स्वभावाची ठरवते, याचे आम्हाला नवल वाटण्याचे कारण नव्हते.

शिवाय हे ‘आपले प्राचीन शास्त्र’ आहे असे सांगितले जाते, त्याकडे जरा निरखून पाहावे. तारीख इंग्रजी घ्यायची, जी मध्यरात्री बदलते. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणजे पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाचा वार पंचांगाप्रमाणे आदल्या दिवसाचा आणि मूलांक दुसऱ्या दिवसाचा. नावाचा आकडा काढायचा तर नाव रोमन लिपीत लिहावे लागते, कारण प्रत्येक अक्षराचे मोल त्या लिपीतल्या अक्षरांना दिलेले आहे. म्हणून तर माणसे नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवतात आणि देवनागरीत नाव जसेच्या तसे राहते. आपली जुनी पद्धत नक्षत्राच्या चरणावरून अक्षर देत असे, अश्विनीला चू, चे, चो, ला. तिथे नावाच्या बेरजेचा संबंधच नव्हता. आज चालणाऱ्या या आकडेमोडीचा बराच भाग किरो या नावाने प्रसिद्ध झालेल्या आयरिश भविष्यवेत्त्यामुळे लोकप्रिय झाला. त्याचा काळ १८६६ ते १९३६ हा. आपण ही विद्या कोकणातल्या एका ब्राह्मणाकडून शिकलो, असा त्याचा दावा होता. त्याच्या मांडणीत चार आकड्याला युरेनस आणि सात आकड्याला नेपच्यून होता, आणि नेपच्यूनचा शोधच १८४६ सालचा. आपल्याकडे आल्यावर त्या जागी राहू आणि केतू बसले, आणि वंशावळ एकदम काही हजार वर्षे मागे गेली.

पण मूलांकाविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा मला कोणत्याही ग्रंथात सापडला नाही, तो ‘आपला ग्राहक ओळखा’ म्हणून भरून घेतलेल्या अर्जांत सापडला. वाळवा, पलूस, जत, आटपाडी, कुठल्याही तालुक्यातल्या खेड्यातील विशिष्ट वयाच्या ग्राहकांचे अर्ज चाळले, की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून असेच येत राहते. हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, आईबापांना मुलाची तारीख सांगता येत नसे, आणि मास्तर पोराच्या उंचीकडे पाहून वर्ष ठरवत व तारीख १ जून टाकत. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर वर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत हारतुऱ्यांची झुंबड उडते. मूलांकाच्या हिशेबाने एक हा सूर्याचा आकडा, तेव्हा हे सगळे सूर्याचे लोक, जन्मजात नेते. त्यांतले काही सरपंच झाले हे खरे. बाकीचे ऊस, सोसायटीचे कर्ज आणि मुलांची शिक्षणे यांत आयुष्य काढून माझ्या टेबलापुढे पेन्शनचा दाखला घेऊन उभे राहत. खरी तारीख विचारली तर म्हणत, “आई सांगायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास, झड लागलेली हुती.” बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण; वर्ष मात्र तिलाही आठवत नसे. या माणसांचे आयुष्य कोणत्या आकड्याने चालले, मास्तरांच्या की बेंदराच्या? एका अंकशास्त्र्यांना मी हे विचारले होते. रोजच्या वापरात जी तारीख आहे तिचीच स्पंदने लागू होतात, असे ते म्हणाले. म्हणजे ग्रहांना शाळेचा दाखला मान्य आहे.

परदेशांत अशा समजुती नाहीत असे नव्हे. चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो आणि आठचा भरभराटीच्या, म्हणून बीजिंगच्या ऑलिंपिकचे उद्घाटन २००८ सालच्या आठव्या महिन्यात आठ तारखेला रात्री आठ वाजता ठेवले गेले. इटलीत सतरा वाईट, कारण रोमन लिपीतला सतरा उलटसुलट मांडला की ‘मी जगलो’, म्हणजे आता संपलो, असा लॅटिन शब्द होतो. आपण हसायला नको. २१४ हा आकडा वळणदार लिहून त्याचा ‘राम’ आणि ४१४१ चा ‘दादा’ करून गाडीच्या पाटीवर मिरवणारे आपणच आहोत. चंदीगडची आखणी झाली तेव्हा सेक्टर बारानंतर थेट चौदा आला. या देशात तेराला एवढा मान देण्याचे काम एका फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्यातून व्हावे आणि आपण ते कित्येक दशके निमूट चालवून घ्यावे, याचे मात्र मला अजूनही नवल वाटते.

एकट्याचा आकडा आला की त्याची किंमत होते. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-मिटत्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून मटका सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे बंद झाले तरी खेळ थांबला नाही, आणि आमच्या भागात ‘आकडा’ म्हटले की बराच काळ त्याचाच अर्थ घेतला जाई. स्वप्नात काय दिसले त्यावरून आकडा काढणारी, बाबाने किती बोटे दाखवली ते मोजणारी माणसे मी पाहिली आहेत. आता त्याला राजमान्य दुकान आहे ते परिवहन कार्यालयात. २०२४ साली राज्य सरकारने पसंतीच्या वाहन क्रमांकांचे शुल्क वाढवले, तेव्हा चारचाकीच्या ०००१ साठी तीन लाखांचे पाच लाख झाले, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सहा. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ हे सगळे एकाच पंक्तीत अडीच लाखांवर बसले आहेत. नऊ आणि ७८६ यांना सारख्या भावात बसवणारे दुसरे सरकारी कागदपत्र माझ्या पाहण्यात नाही. एका क्रमांकासाठी एकाहून जास्त अर्ज आले तर लिलाव होतो. म्हणजे ज्याच्या नशिबात तो आकडा आहे ते शेवटी त्याच्या बँक खात्यावरून ठरते.

माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली तेव्हा त्यानेही रीतसर शुल्क भरून एक क्रमांक घेतला. “मामा, बेरीज नऊ येतीय बघा,” असे त्याने मला फोनवर सांगितले. मला जुनी सवय आहे. मी पाटीवरचे पुढचे भागही धरायला सांगितले: सांगलीची गाडी म्हणजे एमएच १०. किरोच्या कोष्टकात एमचे मोल चार आणि एचचे पाच. म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेल्या प्रत्येक गाडीच्या पाटीवर नऊ आधीपासूनच आहे, रिक्षाच्या, उसाच्या ट्रॅक्टरच्या आणि कचरा गोळा करणाऱ्या घंटागाडीच्यासुद्धा, आणि त्याला वेगळे शुल्क पडत नाही. त्यात पुन्हा नवाच्या ताळ्यात नऊ म्हणजे शून्य, तो धरला काय आणि सोडला काय, बाकी बदलत नाही. भाचा म्हणाला, “पुढची अक्षरं धरायची नसतात.” कोणी सांगितले, असे मी विचारले. “ज्यांनी नंबर काढून दिला त्यांनीच.”

दुसऱ्या दिवशी आक्का त्याला गाडीसह गणपतीच्या देवळाकडे घेऊन गेली आणि मलाही बोलावले. गुरुजींनी गाडीच्या धन्याचे नाव आणि गोत्र विचारले, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले, चारही चाकांखाली लिंबे ठेवायला लावली आणि नारळ फोडला. आक्काने एकशे एक रुपये दक्षिणा दिली. गाडीचा नंबर त्यांनी विचारलाच नाही. शेवटी भाच्याने आपण होऊनच सांगितले, की गुरुजी, नंबर फार चांगला मिळालाय. गुरुजी ताम्हण आवरत होते. ते म्हणाले, “हो का? छान. विमा उतरवलायस ना?”